रजईबाहेरचं पाऊल

"अक्रमभाई, गाडी थांबवा. हे बघा जरा."

"इथे थांबता येत नाही, दीदी. हा पट्टा समोरच्या डोंगरावरून दिसतो. वळणापलीकडे थांबवतो."

वळण येईपर्यंत मी मांडीवरच्या लॅपटॉपची दोन बटणं आलटूनपालटून दाबत राहिले. एक दाबलं की एक फोटो, दुसरं दाबलं की त्याच्या लगेच आधीचा. दोन्ही मी एकाच जागी उभी राहून, पाठोपाठ काढलेले. मशिदीचं अंगण, बर्फ, तीन बाजा, त्यांवर तीन रजया. मधल्या रजईतून एक अनवाणी पाऊल बाहेर आलं होतं. आधीच्या फोटोत त्या पावलाची बोटं सरळ होती. नंतरच्या फोटोत ती आत वळली होती.

मी पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. बोटं सरळ झाली, वळली. सरळ झाली, वळली.

२००२ सालचा जानेवारी होता. पुंछच्या बाजूला सरहद्दीवर दोन्हीकडून तोफा चालू होत्या आणि दिल्लीच्या वृत्तसंस्थेने मला फोटो काढायला तिथे पाठवलं होतं. मी वृंदा केळुसकर, मूळची वेंगुर्ल्याची. तोवर पूर, निवडणुका, दंगली असं बरंच काही टिपून झालं होतं, पण तोफांच्या टप्प्यात मी पहिल्यांदाच आले होते. अक्रमभाई राजौरीचे. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. गाडी तेच चालवत आणि लोक पहाडी बोलीत बोलत ते मला हिंदीत समजावून सांगत.

त्या सकाळी सेरीधार नावाच्या गावात एका गोठ्यावर गोळा पडला होता. फज़ल दीन नावाच्या म्हाताऱ्याचा गोठा. त्याची बायको, शेजारीण आणि सून नसीम पहाटे दूध काढायला गेल्या होत्या. नसीमची छोटी मुलगी तिच्या पाठीला बांधलेली होती. छप्पर खाली आलं, वरून उतारावरचा बर्फ घसरला. गोळे पडत होते तोवर कुणाला जवळ जाता आलं नाही. थांबल्यावर गावकऱ्यांनी फावड्यांनी आणि हातांनी उकरून सगळ्यांना बाहेर काढलं, तोवर दिवस चांगला वर आला होता. सकाळभर गोळ्यांमुळे रस्ता बंद होता, त्यामुळे डॉक्टर येणं शक्यच नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा फज़ल दीन अंगणात उभा होता. त्याच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळली होती. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून तो म्हणाला होता, "काढ, बेटी. दिल्लीत दाखव."

"आणि छोटी?" मी विचारलं होतं.

त्याने मधल्या रजईकडे मान वळवली. "आईच्या कुशीत ठेवलीय. दोघींना एकत्रच माती देणार."

मी फोटो काढले, त्याचा निरोप घेतला आणि निघाले. पुंछला पोचून टेलिफोनवरून फोटो दिल्लीला धाडायचे होते. गाडीतच चांगले चार-पाच निवडून ठेवावेत म्हणून मी लॅपटॉप उघडला होता.

वळणापलीकडे अक्रमभाईंनी जीप कड्याला चिकटवून उभी केली. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कुणी रजई ओढली असेल."

"रजई ओढल्यावर बोटं वळतील का? आणि जवळ कुणी नाहीये. बघा ना. सगळे भिंतीपाशी आहेत."

"मेल्यावरही कधी कधी नस ओढते, दीदी."

"सकाळपासून किती वेळ गेला, अक्रमभाई. आता कुठली नस ओढणार?"

त्यांनी हातमोजा काढला आणि आपल्या जाड बोटाने स्वतः बटणं दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. मग लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला, गाडी सुरू केली आणि त्या अरुंद रस्त्यावर मागेपुढे करत तिचं तोंड फिरवलं. एक चाक दरीच्या काठावर आलं तेव्हा मी डोळे मिटले.

"दुपारची नमाज झाली की जनाजा उचलणार होते," ते म्हणाले. "नमाज होऊन गेली असेल."

परतताना उघड्या पट्ट्यावर त्यांनी गाडी जितकी पळेल तितकी पळवली. अर्ध्यात असताना पलीकडच्या उतारावर गोळा पडला. आधी बर्फ उडालेला दिसला, मग आवाज आला आणि जीपच्या काचा दातांसारख्या वाजल्या. मला भीती वाटली नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती बोटं होती. गोठ्यातून बाहेर काढताना मोजा गळून पडला असेल, आणि ते पाऊल सकाळपासून तसंच उघडं असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

मशिदीचं अंगण रिकामं होतं. बाजा नव्हत्या. चुलीपाशी बसलेल्या एका बाईने वर टेकडीकडे हात केला.

कब्रस्तान उतारावर होतं. मी लॅपटॉप उघडाच धरून चढायला लागले. बर्फात पाय गुडघ्यापर्यंत जात होते. वर माणसांचा काळा पुंजका दिसत होता आणि कुदळीचा आवाज येत होता. जमीन गोठून दगड झाली होती, त्यामुळे खणायला वेळ लागत होता. एक कबर बुजवून झाली होती. दुसरी तयार होती आणि तिच्या काठावर मधली बाज ठेवलेली होती. दोन माणसं तिच्या पायथ्याशी वाकली होती.

"थांबा, थांबा," मी ओरडले. घाईत तोंडातून मराठीच बाहेर पडलं.

सगळे वळले. कब्रस्तानात बाई आलेली पाहून दोघे-तिघे पुढे झाले. एकाने माझ्यासमोर हात आडवा धरला. मागून धापा टाकत आलेले अक्रमभाई पहाडीत भराभरा बोलू लागले. त्यांच्या बोलण्यातलं मला 'नसीम' एवढंच कळलं.

ते नाव ऐकल्यावर फज़ल दीन माझ्यासमोर आला.

"तू फोटो काढून गेलीस ना, बेटी," तो हिंदीत म्हणाला. "आता काय राहिलं?"

"चाचा, ती जिवंत असेल."

त्याचा चेहरा जराही हलला नाही. "मी तिला माझ्या हातांनी काढलंय. नाकाशी कान लावून बघितलं. नाडी बघितली. माझ्या बायकोची बघितली, पोरीची बघितली. मला काय सांगतेस तू?"

"तुम्ही हे एकदा बघा."

"नाही बघायचं."

"एकदाच, चाचा."

"आणि ती मेलेलीच असली तर?" तो म्हणाला. "मला आज पुन्हा सुरुवातीपासून सगळं करायला लावशील?"

मी लॅपटॉप त्याच्यासमोर धरला आणि बटण दाबलं. दुसरं दाबलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली होती, पण त्याच्यामागे उभे असलेले मौलवी साहेब पुढे वाकून बघत होते. ते किरकोळ अंगाचे, दाढी पूर्ण पांढरी झालेले गृहस्थ होते.

"फज़ल," ते हळूच म्हणाले, "बघ."

त्याने पाहिलं. मी दाबत राहिले. बोटं वळली, सरळ झाली, वळली. फज़ल दीन उभ्या जागी खाली बसला, बर्फातच.

मौलवी साहेबांनी पुरुषांना मागे सरायला लावलं आणि मला खूण केली. मी बाजेशी गुडघे टेकले आणि रजई तोंडावरून खाली केली.

ती चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. चेहरा मेणाच्या रंगाचा, ओठ निळे, पापण्यांवर मातीचा थर. मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. माझी स्वतःची बोटंच इतकी गारठली होती की मला काही कळेना. मी गालाला हात लावला. थंड होता. असा थंड गाल त्याआधी फक्त शवागारात माझ्या हाताला लागला होता. या म्हाताऱ्याला मी कशासाठी आशा लावली होती?

मौलवी साहेबांनी आपला चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या आणि तो माझ्या हातात दिला. "नाकापाशी धर."

मी धरला. काच स्वच्छ राहिली. कुदळ चालवणारा माणूस कुदळ टेकून उभा होता. कुणी खोकलं. मी चष्मा काढून घेणार होते, एवढ्यात काचेच्या खालच्या कडेला नखाएवढा धुरकट डाग उमटला आणि विरून गेला. मी डोळे मिटले, उघडले. पुन्हा उमटला.

चष्मा मौलवी साहेबांसमोर नुसता धरला. त्यांनी पाहिलं, आणि तो म्हातारा माणूस तरण्या पोरासारखा ओरडून हुकूम देऊ लागला. घोंगड्या आल्या, निखाऱ्यांनी भरलेल्या कांगड्या आल्या. कुणीतरी आपला कोट काढून टाकला.

तिला उचलायचं तर आधी मुलीला बाजूला घ्यायला हवं होतं. मी रजई पूर्ण बाजूला केली. मुलगी तिच्या उजव्या हातावर होती, आणि नसीमची बोटं मुलीच्या झबल्यात रुतलेली होती. मला ती सोडवावी लागली. एकेक करून. अक्रमभाई म्हणाले, "गोठलीत, दीदी." मीही तसंच समजले.

मी कॅमेरा गळ्यात असल्याचं विसरले होते असं म्हणायला आवडलं असतं. पण हात आपलं काम करत असतो. मुलीला फज़ल दीनच्या मांडीवर दिल्यावर मी एक फोटो काढला होता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खाली लष्कराच्या छावणीत डॉक्टर होते. जीपच्या मागच्या सीटवर मी नसीमला माझ्या अंगाशी घेऊन बसले होते, वर घोंगड्यांचा ढीग. डॉक्टरांनी तिला तंबूत नेलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन सांगितलं, "थंडीत असं होतं. शरीर सगळं बंद करून बसतं. श्वास इतका कमी होतो की लक्षात येत नाही. तासाभरात गेली असती." संध्याकाळी हेलिकॉप्टरने तिला जम्मूला हलवलं.

ते दोन फोटो देशभर छापले गेले, शेजारी शेजारी. परदेशातूनही मागणी आली. दिल्लीहून माझ्या संपादकांचा फोन आला, कौतुक करून झाल्यावर ते म्हणाले, "आता तिचा हसरा फोटो हवा. इस्पितळातला. लोक विचारतायत." वेंगुर्ल्याहून आईने कळवलं की देवळात माझ्या नावाने अभिषेक केला. तेवढे दिवस मी हवेत होते. कुणी भेटलं की मी तीच हकिकत सांगायची आणि दर वेळी चष्म्यावरच्या डागाशी आले की अंगावर काटा यायचा.

महिनाअखेरीस मी जम्मूला गेले. बायकांच्या वॉर्डाबाहेर फज़ल दीन बाकावर बसला होता. त्याच्याशेजारी एक तरुण उभा होता, नसीमचा नवरा इर्शाद. लुधियानात लोकरीच्या कारखान्यात कामाला होता, बातमी कळल्यावर आला होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. मला संकोचायला झालं.

"बोलत नाही ती," फज़ल दीन म्हणाला. "खात नाही. नळीतून देतात. डॉक्टर म्हणतात, धक्का आहे. तू बाई आहेस, तू बोलून बघ. तुझं ऐकेल. तू तिला परत आणलंस."

कोपऱ्यातल्या खाटेवर ती भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही पावलांना बँडेज. मी स्टूल ओढून बसले. कॅमेऱ्याची पिशवी पायाशी ठेवली. तिची नजर पिशवीवर गेली.

"तुम्हीच ना त्या?"

आवाज घोगरा होता, पण हिंदी स्वच्छ होती. मी हो म्हटलं. माझं नाव सांगितलं. मग म्हटलं, "तुला बरं वाटतंय पाहून खूप..."

"बाजी," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं."

"कधी?"

"अंगणात. डोळे उघडत नव्हते. पण ऐकू येत होतं. सासरे रडत होते ते. मौलवी साहेब किती कबरी खणायच्या ते सांगत होते ते. तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज आला. कसला आवाज ते कळलं नाही तेव्हा."

"मग तू हाक..."

"सासरे म्हणाले, पोरीला आईच्या कुशीत ठेवा." ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या खाटेच्या दांडीकडे बघत होती. "त्यांनी सफूराला माझ्या हातावर ठेवलं. थंड होती. तोवर मला वाटत होतं, तिला कुणीतरी बाहेर काढलं असेल. हातावर आली तेव्हा समजलं."

शेजारच्या खाटेवरची बाई नर्सशी कशावरून तरी वाद घालत होती. बाहेर कुणी पाण्याची बादली आदळली. मला ते आवाज फार लांबून येत असल्यासारखे वाटले.

"ओरडता आलं असतं की नाही, ठाऊक नाही," नसीम म्हणाली. "मी ओरडून पाहिलंच नाही. तिला घट्ट धरलं आणि गप्प राहिले. दोघींना एकत्र माती देणार म्हणाले होते ना. मी म्हटलं, ठीक आहे."

"पण पाऊल..."

"ते मी नाही हलवलं, बाजी. मला माहीतही नाही ते कधी हललं."

मला आठवली ती झबल्यात रुतलेली बोटं. मी ती एकेक करून सोडवली होती, आणि तिला ते कळत होतं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सगळं. तिच्या मिटल्या डोळ्यांवर मी वाकले होते, आणि ती आतून मला ऐकत होती.

मी 'माफ कर' म्हणू शकत नव्हते. बाहेरच्या बाकावर तिचा सासरा आणि नवरा बसले होते. 'बरं झालं' हेही म्हणू शकत नव्हते.

"हे कुणाला सांगितलंस?" मी शेवटी विचारलं.

"कुणाला सांगू? घरच्यांनी माझ्यासाठी नवस फेडलेत." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तिला तुम्ही पाहिलंत. मी नाही पाहिलं. सगळे मला सांगतात, फुलासारखी दिसत होती, झोपल्यासारखी दिसत होती. ते असंच सांगणार. तुम्ही सांगा, कशी दिसत होती."

मी तिला सांगितलं. डाव्या कानाच्या मागे माती चिकटली होती. केसांत बर्फाचे कण होते, ते कांगडीच्या उबेने वितळून कपाळावर ओघळ आले होते. तोंड किंचित उघडं होतं, खालचे दोन दात दिसत होते. चेहऱ्यावर जखम नव्हती. एका डोळ्यातलं काजळ गालावर पसरलं होतं. झोपल्यासारखी नव्हती दिसत. थकल्यासारखी दिसत होती.

नसीम एकेक शब्द ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "कुठल्या डोळ्यातलं?"

"उजव्या."

"तो डोळा ती चोळायची," ती म्हणाली. "पहाटे घातलं होतं मी. रडत होती तरी घातलं."

आणि ती रडू लागली. आवाज न करता, खांदे हलत नव्हते, नुसतं पाणी वाहत होतं. मी तिच्या बाजूला खाटेवर जाऊन बसले. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं नाही, पण दूरही सरकली नाही. नर्स आली, आमच्याकडे पाहून परत गेली.

"फोटो आहे?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"आहे. एक."

"छापलात?"

"नाही."

"छापू नका. पुसूही नका." तिने ओढणीने तोंड पुसलं. "आत्ता नको मला. मी मागेन तेव्हा द्या."

मी पिशवी न उघडता उठले. दिल्लीला फोन करून सांगितलं की पेशंटची तब्येत ठीक नाही, फोटो मिळणार नाही. संपादक नाराज झाले. वॉर्डातून बाहेर पडताना फज़ल दीनने विचारलं, "बोलली का काही?" मी म्हटलं, "थोडं बोलली. रडली." त्याने आकाशाकडे हात केले. त्याच्या तळहातांवरच्या जखमा अजून ओल्या होत्या. त्या संध्याकाळी तिने दोन घास भात खाल्ला, असं इर्शादने अक्रमभाईंना कळवलं.

पुढल्या वर्षाच्या अखेरीस सरहद्दीवरच्या तोफा थांबल्या. नसीम सेरीधारला परत गेली. फज़ल दीन त्यानंतर तीन-चार वर्षांनी वारला. तिला दोन मुलगे झाले. थोरला आता पुंछला कॉलेजात आहे. गावातल्या मुलींना ती शिवण शिकवते. मी नंतर बऱ्याच लढायांच्या जागी जाऊन आले. फोटो काढले, तिथून निघाले. पण निघण्याआधी माणसांच्या शेजारी थोडा वेळ नुसतं बसायची सवय मला जम्मूच्या त्या वॉर्डात लागली.

दर ईदला तिचा फोन येतो. अक्रोड पाठवल्याचं सांगते, मुलांच्या परीक्षांचं सांगते, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करते. मी तिला वेंगुर्ल्याच्या पावसाचं सांगते, तिला समुद्राबद्दल ऐकायला आवडतं. सफूराचं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही. तो एक फोटो अजून माझ्यापाशी आहे. बोलणं संपतं आणि आम्ही दोघी थोडा वेळ फोन धरून गप्प राहतो. मी वाट बघते.

मग ती म्हणते, "अजून नको, बाजी," आणि फोन ठेवते.